राखेत ठेवलेले मूग

त्या वर्षी आम्ही भांडी पाण्याने धुणं सोडून दिलं होतं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, कधी तोही चुकायचा. मिळालेलं पाणी आधी पिण्याला, मग स्वयंपाकाला, मग म्हशीला. भांड्यांच्या वाट्याला काही उरत नसे. सासूबाईंनी त्यावर तोड काढली होती. ताटात मूठभर राख टाकायची, नारळाच्या शेंडीने खसाखसा घासायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं आणि ताट भिंतीला उभं करायचं. ताट लखलखायचं. त्याच ताटात आम्ही जेवायचो.

सासूबाईंना मी मामी म्हणायचे. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते, त्यामुळे शेताचा सातबारा आणि सहकारी साखर कारखान्याचा शेअर, दोन्ही मामींच्या नावावर. घरात आम्ही चौघं: मामी, नवरा, मी आणि आमची अडीच वर्षांची लेक. नवरा त्याच कारखान्यात बॉयलरवर फायरमन होता. म्हणूनच आम्ही गावात टिकलो होतो. बाकी निम्मं गाव पोराबाळांसह ऊस तोडायला दूरच्या जिल्ह्यांत गेलं होतं आणि गल्लीतल्या दर दुसऱ्या दाराला कुलूप होतं.

आमच्या कारखान्याला मात्र त्या वर्षी ऊसच नव्हता. जो होता तो वाळून चिपाड झालेला. गाळप महिनाभरात आटोपलं. पण कारखान्याचा विजेचा प्रकल्प होता आणि चेअरमनना तो बंद ठेवायचा नव्हता. उसाचं चिपाड नाही तर पऱ्हाट्या जाळू, तुराट्या जाळू, सोयाबीनचं काड जाळू, असं त्यांनी गावोगाव सांगितलं. लोकांना आनंदच झाला. कापसाला बोंडच धरलं नव्हतं, निदान पऱ्हाट्या तरी कोणी नेतंय! आमच्याही रानातून दोन ट्रॉल्या गेल्या.

पऱ्हाट्या गेल्या आणि राख आली. कारखान्याचा ट्रॅक्टर गावोगाव फिरून राखेचे ढीग टाकायचा. सभासदांना मोफत खत. मामींनी एक ढीग विहिरीजवळच्या पट्टीत पांगवून घेतला, एक अंगणाच्या कोपऱ्यात ठेवून घेतला. चुलीची राख कधीच पुरत नसे, त्यामुळे या ढिगाचं आम्हाला अप्रूप होतं. भांड्यांना तीच. मामी सकाळी दात घासायच्या तीच घेऊन. आणि मागच्या साली धर्मापुरीच्या नणंदबाईंकडून आलेले मूग मामींनी त्याच राखेत घोळून तीन मडक्यांत भरून ठेवले. राखेतल्या मुगाला कीड लागत नाही, हे मलाही माहेरी, घाटनांदूरला, आईने शिकवलं होतं. त्यात वावगं वाटण्यासारखं काहीच नव्हतं.

होळीच्या सुमारास राख बदलली. आधीची काळसर, भरड होती, तिच्यात पऱ्हाटीचे कोळसे सापडायचे. आता आली ती पिठासारखी, फिकट करडी. हातात घेतली की बोटांच्या रेषांत बसायची आणि निघायची नाही. घासताना हात चरचरायचे. मी मामींना म्हटलंही, "मामी, ही राख निराळीच हाय. वास येतो तिला."

"कसला वास? राखंला कुटं वास असतो?" मामी म्हणाल्या. "बारीक हाय तर चांगलंच की. ताटाला चरे पडत न्हाईत."

त्याच दिवसांत लेक राख खायला लागली.

गावात पोरं माती खातात, भिंतीचा पोपडा खातात, ते मला ठाऊक होतं. पण एका दुपारी मी म्हशीला वैरण टाकून वळले तर ही ढिगाशी बसलेली, ओठ, हनुवटी, सगळं करडं, आणि मन लावून बोटं चाटतेय. मी धावत जाऊन तोंडात बोट घालून राख काढली. ती रडली. मामी हसल्या. "तुजा नवरा बी असाच खायचा. अंगारा हाय तो, काय व्हत न्हाई." मीही हसले. मग तर ती रोजच खाऊ लागली. हाकलली की जायची, पाठ फिरली की परत ढिगाशी. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पंधरा दिवस गेले असतील. एके दिवशी सकाळची पाळी संपवून नवरा घरी आला, सायकल लावली आणि पाणीही न पिता ढिगाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ती राख घरात वापरू नको."

"कावून?"

"नको म्हनलं ना."

"अवो पर कावून? मामी दात घासत्यात तिनं. लेक खाती."

त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "खाती? कोन खाती? कवापासून?" तो खाली बसला. लेकीला ओढून जवळ घेतलं, तिचं तोंड उघडून आत पाहिलं, जणू तिथे काही दिसणार होतं.

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. गावोगावच्या पऱ्हाट्या महिन्याभरापूर्वीच संपल्या होत्या. आता ताडपत्री झाकलेले ट्रक बाहेरून यायचे. त्यांत जुनी दारं, खिडक्या, रंगवलेल्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे, रेग्झिनच्या चिंध्या, कशाकशाची खोकी. कागदावर सगळं 'शेतीचा टाकाऊ माल'. तो आणि त्याचे सोबती ते बॉयलरकडे जाणाऱ्या पट्ट्यावर टाकत होते. बॉयलरमधून निघणारा धूर डोळ्यांना झोंबायचा म्हणून तोंडाला उपरणं बांधत होते. आणि त्या दिवशी प्रयोगशाळेतले साहेब बॉयलरवर येऊन त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, घरात लहान मूल असेल तर ही राख घरात नेऊ नकोस.

"तुमाला ठावं व्हतं काय जाळत्यात ते," मी म्हटलं.

"जळालं की संपलं, असं वाटलं मला," तो म्हणाला. "आगीत कायच उरत न्हाई असं वाटलं."

मलाही तसंच वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला कडेवर घेतलं, डब्यात राख भरली आणि कारखान्यावर गेले. नवऱ्याला सांगितलं नाही. तो नको म्हणाला असता, आणि त्याचं कारण मला कळत होतं. प्रयोगशाळा गाळपाच्या दिवसांत रसाच्या वासाने भरलेली असायची, आता तिथे ओळीने रिकाम्या बाटल्या आणि पंखा. साहेब वयस्क होते, निवृत्तीला आलेले. मी डबा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "ही माझी मुलगी खाते. मला खरं सांगा."

त्यांनी झाकण उघडलं नाही. लेकीकडे बघत राहिले. मी बारावीपर्यंत सायन्सला होते हे सांगितल्यावर थोडे मोकळे झाले.

"लाकूड जळतं," ते म्हणाले. "त्याच्यावरचा रंगही जळतो. पण जुन्या रंगात शिसं असतं, ते जळत नाही. ते जाणार कुठं? थोडं धुरात, बाकीचं राखेत. ट्रकभर फळ्या जाळल्या की पोतंभर राख उरते, म्हणजे ट्रकभर फळ्यांचं शिसं त्या पोत्यात. आणि राख जेवढी बारीक तेवढं जास्त. धुराड्याच्या आधी यंत्रात जी पीठ राख अडकते ना, ती सगळ्यात वाईट. तुमच्या डब्यात तीच आहे."

"आणि पऱ्हाट्यांची?"

"तिचीही मी शपथ घेणार नाही. जमिनीतलं, फवारणीतलं जे झाडात येतं ते जाळल्यावर एवढ्याशा राखेत गोळा होतं. पण ही जी आहे ती…" त्यांनी डब्यावर बोट ठेवलं. "रेग्झिन आणि प्लास्टिक जळताना तर आणखी काही तयार होतं. ते तपासायची सोय आपल्याकडे कुठंच जवळपास नाही."

मी विचारलं, मग तुम्ही हे कोणाला सांगितलं का. ते म्हणाले, त्यांनी राखेचा नमुना स्वतः बाहेर पाठवला होता. "अहवाल आला. मी वर दिला. तो वरून खाली आला नाही."

निघताना ते एकच म्हणाले, मुलीच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या, उशीर करू नका.

घरी येऊन मी मामींना समोर बसवून सगळं सांगितलं. शिसं म्हटल्यावर त्या चिडल्या. "शिसपेन्सिली तर साळंतली पोरं रोज चावत्यात. कोन मेलं आजपातुर?" मी म्हटलं, पेन्सिलीत खरं शिसं नसतंच. ते जुन्या रंगात असतं, बॅटरीत असतं, आणि लहान लेकराच्या अंगात गेलं की मेंदूला धरतं. मामी राखेनं भरलेली स्वतःची नखं बघत राहिल्या. मग उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

बराच वेळ बाहेर आल्या नाहीत म्हणून मी डोकावले. त्या मुगाच्या मडक्यांपुढे बसल्या होत्या. एका मडक्यातले मूग त्यांनी परातीत ओतले होते आणि फुंकर मारून मारून राख उडवत होत्या. मी घाईने त्यांचं तोंड बाजूला वळवलं. "मामी, फुंकू नका!"

"मग काय करू?" त्या ओरडल्या. "धुवू कशानं? टँकर परवा येनार."

मूग धुवायचे तर दोन घागरी पाणी लागणार होतं, आणि ते पाणी आमच्या चौघांचं दोन दिवसांचं पिणं होतं. शिवाय धुवून राख जाते का, किती जाते, हे आम्हाला कोण सांगणार? मूग पहिल्या, पऱ्हाट्यांच्या राखेतले होते, पण साहेब तिचीही शपथ घेत नव्हते. आम्ही त्या परातीभोवती बसून राहिलो. दुष्काळात तीन मडकी मूग म्हणजे काय, हे मी इथे लिहून सांगू शकणार नाही. शेवटी मामींनीच खोरं घेतलं. परसात खड्डा केला, मूग ओतले, वर माती ओढली आणि मातीला हात जोडले. अन्न पुरताना त्यांना रडू फुटलं, आणि मला मात्र भीतीने रडूही येत नव्हतं. माझ्या मनात एकच हिशोब चालू होता: हे मूग आपण किती महिने खाल्ले? लेकीला वरणाचं पाणी कधीपासून भरवतोय?

अंबाजोगाईला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी लेकीच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं. तिला भूक लागते का, चिडते का, पोट दुखतं का, असं विचारत गेल्या. प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर हो होतं आणि प्रत्येक हो म्हणताना मी दचकत होते. एवढंसं रक्त घेतलं. तपासणी पुण्याला होणार, दहा-बारा दिवस लागतील म्हणाल्या.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. लेक चालताना अडखळली की मी तिला परत चालायला लावायचे. तिला 'चिमणी कुठाय' विचारायचं आणि तिने बोट दाखवायला जरा उशीर केला की मी नवऱ्याकडे बघायचे. दिवसातून वीस वेळा विचारायचे, गाय कुठाय, चांदोबा कुठाय, तुझं नाक कुठाय. शेवटी ती कंटाळून रडायची, आणि मी त्या रडण्यालाही घाबरायचे. अंगणातला ढीग आम्ही पोत्यांनी झाकून वर दगड ठेवले होते. वारा सुटला की मी दारं लावून घ्यायचे. सगळ्या गावात हीच राख होती. मी घरोघर जाऊन सांगितलं. दोघीतिघींनी ऐकलं. बाकीच्या म्हणाल्या, फुकटची राख मिळती ते हिला बघवत न्हाई.

त्याच आठवड्यात कारखान्याची सर्वसाधारण सभा होती. मामी कधी सभेला जात नसत. त्या दिवशी त्यांनी इरकली लुगडं नेसलं आणि म्हणाल्या, "चल. शेअर माज्या नावावर हाय."

नवरा दारात आडवा उभा राहिला. "आई, माजी नौकरी जाईल."

"जाऊ दे," मामी म्हणाल्या. "तू बी तिथनं जगून आला तर बास."

मांडवात हजारभर माणसं असतील, बायका आम्ही पाच-सहा. विषय वाचला की पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" असा आवाज उठायचा आणि पुढचा विषय यायचा. सूत्रसंचालकाने 'आयत्या वेळचे विषय' म्हटलं तेव्हा लोक उठायलाही लागले होते. मामी उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे कोणी माईक दिला नाही. त्यांनी तसंच, शेतातून हाक मारतात त्या आवाजात विचारलं:

"माजी नात तुमची राख खाती. त्या राखंत काय हाय ते मला सांगा."

मागून कोणी तरी हसलं. चेअरमन माईकवर म्हणाले, "मावशी, राख म्हणजे खत आहे, खायची वस्तू नाही." लोक आणखी हसले.

मामी बसल्या नाहीत. "खत हाय तर मग कागूद वाचा. तुमच्याच मानसानं तपासून आनलेला कागूद हाय तुमच्याकडं. त्यो वाचा."

उठलेली माणसं परत खाली बसली. तो कागद आहे हे बहुतेकांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं. चेअरमननी बाजूच्या माणसाकडे पाहिलं, तो खाली पाहू लागला. मग ते म्हणाले, संचालक मंडळ या बाबीची योग्य ती दखल घेईल. राष्ट्रगीत झालं आणि सभा संपली. मामींचा हात धरून मी गावाकडच्या जीपकडे निघाले. पण मांडवाबाहेर तीन-चार गावचे बाप्ये आमच्याभोवती जमले. एकाने विचारलं, "ताई, आमी जनावराच्या गोठ्यात टाकलीय ती राख. आता काय करायचं?"

कागद कधीच वाचला गेला नाही. पण आठवड्याभरात राखेचे ट्रॅक्टर गावात यायचे बंद झाले, आणि ताडपत्रीचे ट्रकही. कोणी काही कबूल केलं नाही. प्रयोगशाळेतल्या साहेबांना रजेवर पाठवलं, तिथूनच ते निवृत्त झाले. नवऱ्याची नोकरी गेली नाही, पण त्याला बॉयलरवरून काढून लांबच्या गोदामावर टाकलं. ती शिक्षा होती. मी त्या शिक्षेबद्दल देवापुढे दिवा लावला.

अहवाल घ्यायला मी आणि नवरा गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिसं आहे, असायला नको त्याहून बरंच जास्त आहे. पण औषधाने ओढून काढावं लागेल इतकं नाही. राख बंद करा, दूध द्या, गूळ-शेंगदाणे द्या, लोहाचं औषध लिहून देते, हळूहळू उतरेल. मी विचारलं, "आणि जे आधीच झालं असेल ते?" त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ते झालंय की नाही, हेच कोणाला सांगता येणार नाही." मला वाटतं त्यांनी मला खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या बाईंचं मी आजही नाव काढते.

राहिली राख. सगळा मुलूख आभाळाकडे डोळे लावून बसला होता आणि मी मनात म्हणत होते, इतक्यात नको रे बाबा. पाऊस आला असता तर विहिरीजवळच्या पट्टीतली राख धुपून सरळ विहिरीत गेली असती. आम्ही तिघांनी तोंडाला फडकी बांधून अंगणातला ढीग आणि त्या पट्टीतली वरची वीतभर माती खरवडून पोत्यांत भरली. लेकीला शेजारी ठेवलं. नवरा बैलगाडीत पोती घालून कारखान्याच्या फाटकावर गेला. राखणदाराने त्याला ओळखलं, पण गाडी आत घेतली नाही. "टाकलेली राख परत घ्यायचा हुकूम न्हाई," म्हणाला. पोती परत आली. शेवटी बरडावर उंच जागी खड्डा खोदला, शेततळ्याचा उरलेला प्लास्टिकचा कागद खाली अंथरला, वरूनही घातला आणि दगड रचले. बाकीच्या गावाने आपापली राख कुठे टाकली ते मला माहीत नाही. बरीचशी जिथे होती तिथेच राहिली आणि पाऊस झाल्यावर ओढ्याला गेली असणार. दोन वर्षं आम्ही त्या विहिरीचं पाणी प्यायलो नाही.

सहा महिन्यांनी लेकीचं रक्त परत तपासलं, शिसं उतरलं होतं. वर्षाने आणखी उतरलं. मामींनी आपलं रक्त कधीच तपासू दिलं नाही. "माजं काय मेंदूचं काम राहिलंय आता," म्हणायच्या. नवऱ्याचा खोकला मात्र गेला नाही. डॉक्टर कधी दमा म्हणतात, कधी धूळ.

लेक आता आठवीत आहे. खो-खो खेळते, तोंडाळ आहे, आजीशी भांडते. मागच्या महिन्यात शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण गणितात तिचं लक्ष लागत नाही. पाढे विसरते, मध्येच खिडकीबाहेर बघत बसते. मी हो हो म्हणत ऐकलं आणि परतताना रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसून राहिले. इतक्या वर्षांनी डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य पुन्हा आठवलं: झालंय की नाही, हेच कोणाला सांगता येणार नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. त्याचा घास थांबला, तेव्हा मला कळलं की तोही इतकी वर्षं तेच मोजत होता. मग त्याने लेकीला हाक मारली, "इकडं ये गं. सतराचा पाढा म्हन."

ती सतरा चोकपर्यंत गेली आणि अडली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"मला बी पुडचं येत न्हाई," तो म्हणाला. "कवाच आलं न्हाई. इचार आजीला."

आतून मामी म्हणाल्या, "त्यो तर सातवीत दोनदा बसला व्हता."

लेक खळाळून हसली. मीही हसले. नंतर तिची गणिताची वही घेऊन तिच्याजवळ बसले, आणि सतरा पाचे पासून आम्ही दोघी पुढे म्हणायला लागलो.